संगणकाचा वीजपुरवठा बंद पडतो तेव्हा

शाळेच्या संगणक-खोलीत एखादे यंत्र एके दिवशी सुरूच होत नाही. बटण दाबले तरी दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. मग त्यावर कापड पडते, 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागते आणि पुढे कधीतरी ते निर्लेखनाच्या यादीत जाते. पुष्कळदा अशा यंत्राचे बाकी सर्व भाग शाबूत असतात. बिघडलेला असतो तो मागच्या कोपऱ्यातला पत्र्याचा डबा, म्हणजे त्याचा वीजपुरवठा. बाजारात त्याला सगळे 'एसएमपीएस' म्हणतात. त्या डब्यातही अनेकदा एखादाच छोटा भाग निकामी झालेला असतो.

याची दुसरी बाजूही आहे. हाच डबा घाईने उघडला तर जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखात आपण दोन प्रश्न घेणार आहोत. बिघाड नेमका कुठे आहे हे कमीत कमी साधनांनी कसे ओळखायचे? आणि आपण स्वतः कुठपर्यंत जायचे, कुठे थांबायचे? दोन्ही प्रश्नांची उत्तरे डब्यात काय चालते हे समजले की आपोआप मिळू लागतात. म्हणून सुरुवात तिथून करू.

डब्यात काय चालते?

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तने करणारी प्रत्यावर्ती वीज असते. संगणकाला हवी असते १२, ५ आणि ३.३ व्होल्टची दिष्ट वीज. हे काम रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि डायोड वापरून करता येते, हे आपण दहावीच्या मुलांना सांगतोच. मग डब्यात इतकी गुंतागुंत कशाला?

कारण वजनात आहे. रोहित्रात निर्माण होणारे विभवांतर चुंबकीय प्रवाह किती वेगाने बदलतो यावर अवलंबून असते. बदल सावकाश असेल तर तेवढ्याच विभवांतरासाठी गाभा मोठा लागतो आणि तारेचे वेढेही जास्त लागतात. ५० हर्ट्झवर ३०० वॉट पुरवणारे रोहित्र काही किलो वजनाचे होते. तोच बदल सेकंदाला ५० हजार वेळा घडवला तर मुठीत मावणारा गाभा पुरतो. मात्र इतक्या वेगाने लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यातच गरगरणारे प्रवाह निर्माण होतात आणि तो तापतो. म्हणून येथे फेराइट नावाचा, विजेला मोठा रोध असणारा चुंबकीय पदार्थ वापरतात.

आता डब्यातली साखळी पाहू. प्रथम वीज वितळतारेतून (फ्यूजमधून) जाते. मग चार डायोड तिला एकाच दिशेने वळवतात आणि मोठे धारित्र, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत कपॅसिटर किंवा कंडेन्सर, तिला साठवते. २३० व्होल्ट हे सरासरी परिणामाचे माप आहे. लाटेचे टोक त्याच्या १.४१४ पट, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. कपॅसिटर त्या टोकापर्यंत भरतो. अलीकडच्या अनेक डब्यांत त्याआधी आणखी एक मंडल असते आणि तेथे हा आकडा ३८० ते ४०० पर्यंत जातो.

ही दिष्ट वीज मग ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, छोटे रोहित्र तिचे विभवांतर उतरवते, पलीकडचे डायोड व कपॅसिटर तिला पुन्हा सपाट करतात. बाहेरचे व्होल्ट कमी झाले की 'चालू' राहण्याचा काळ वाढवायचा, जास्त झाले की कमी करायचा, असे नियंत्रण सतत चालते. यात वीज फारशी वाया जात नाही. जुना पंख्याचा रेग्युलेटर आठवा; तो रोध घालून पंखा हळू करायचा आणि स्वतः तापायचा. ट्रान्झिस्टर पूर्ण बंद असेल तर त्यातून प्रवाह नाही. पूर्ण चालू असेल तर त्याच्या दोन टोकांत विभवांतर जवळजवळ नाही. दोन्ही वेळा त्यांचा गुणाकार, म्हणजेच उष्णता, अगदी थोडी राहते.

या मंडलाच्या दोन बाजू आहेत: भिंतीकडची आणि संगणकाकडची. त्यांच्यामध्ये पट्टीवर काही मिलिमीटरची मोकळी जागा सोडलेली असते. शक्ती ही सीमा ओलांडते ती रोहित्रातल्या चुंबकीय क्षेत्रातून. व्होल्टचा निरोप उलट दिशेने जातो तो एका चिमुकल्या भागातल्या प्रकाशातून. तारेने थेट जोडणी कुठेच नाही. ही लक्ष्मणरेषा लक्षात ठेवावी. तिच्या अलीकडे ३२५ व्होल्ट आणि पलीकडे १२ किंवा त्याहून कमी.

झाकण न उघडता

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या बहुतेक टेबलावरच्या संगणकांचे पुरवठे त्यानुसार बनले आणि तारांचे रंगही ठरून गेले. पिवळी १२ व्होल्ट, तांबडी ५, नारिंगी ३.३, काळ्या सगळ्या शून्य. जांभळीवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असतात. हिरवी तार ही 'सुरू हो' या आज्ञेची, आणि करडी 'सर्व ठीक आहे' असे मदरबोर्डला कळवण्याची. काही कंपन्यांच्या यंत्रांत मात्र जोडणी वेगळी असते, काही डब्यांच्या सगळ्याच तारा काळ्या असतात. तेथे त्या डब्याची आकृती मिळाल्याशिवाय पुढची तपासणी करू नये.

एवढी माहिती आणि एक साधा मल्टिमीटर असेल तर डबा न उघडता बरेच काही कळते. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. भिंतीपासून सुरुवात करा. त्याच सॉकेटवर टेबलदिवा लागतो का? दुसऱ्या चालू संगणकाची केबल लावून पाहिली का? डब्यामागचा स्विच चालू आहे का? जुन्या डब्यांवर ११५/२३० लिहिलेली लाल सरकपट्टी असते; ती २३० वर असलीच पाहिजे. ती ११५ वर ठेवून आपल्याकडची वीज दिली तर आतले कपॅसिटर पेलतील त्यापेक्षा कितीतरी जास्त विभवांतर त्यांच्यावर येते आणि मोठा आवाज होऊन ते फुटतात.

२. नाक, कान आणि डोळे वापरा. जळका वास, बारीक टिकटिक, पंखा अर्धा फेरा घेऊन थांबणे, यातले प्रत्येक लक्षण काही सांगत असते. टिकटिक म्हणजे मंडल सुरू व्हायचा प्रयत्न करून पुनःपुन्हा माघार घेते आहे. पंखा हलून थांबणे म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे आणि संरक्षक मंडलाने आपले काम केले आहे.

३. केबल काढून डब्याच्या तीन पिना तपासा. मधली, अर्थची पिन आणि डब्याचा पत्रा यांच्यातला रोध एका ओहमपेक्षा कमी हवा. बाजूच्या दोन पिनांमधला रोध, मागचा स्विच चालू ठेवून, शून्याजवळ दिसला तर आत शॉर्ट आहे. अशा डब्याला पुन्हा वीज देऊ नये.

४. आता डबा संगणकापासून वेगळा करा, म्हणजे सर्व जोडण्या काढा. बिघाड डब्यात की बाकी यंत्रात, याचा निम्मा निकाल येथेच लागतो. केबल लावून मीटरची काळी तार काळ्या तारेच्या खाचेत व लाल तार जांभळ्या तारेच्या खाचेत टेकवा. ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

५. केबल काढून, तारेच्या छोट्या तुकड्याने हिरवी आणि शेजारची काळी खाच जोडा, मग वीज द्या. डबा सुरू व्हायला हवा. पिवळीवर ११.४ ते १२.६, तांबडीवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट आणि करडीवर सुमारे ५ व्होल्ट हवेत. काही जुने डबे भाराशिवाय नीट चालत नाहीत. दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॉटचा दिवा पिवळ्या-काळ्या तारांमध्ये जोडला की सुमारे ०.८ अँपिअरचा भार मिळतो.

या दिव्याचा दुसरा उपयोगही आहे. टॉर्चचा जुना सेल नुसत्या मीटरवर दीड व्होल्ट दाखवतो आणि बल्ब लावला की ढेपाळतो, कारण त्याचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. थकलेला पुरवठाही असेच वागतो. म्हणून भार लावून घेतलेले माप अधिक खरे. अर्थात एक छोटा दिवा म्हणजे संगणकाचा पूर्ण भार नव्हे. या चाचणीत उत्तीर्ण झालेला डबा संगणकाला जोडल्यावर कमी पडू शकतो.

आता निष्कर्ष काढता येतील. जांभळ्या तारेवर काहीच नसेल तर दोष वितळतार, डायोड किंवा सदैव जागे राहणाऱ्या छोट्या मंडलात शोधावा. जांभळी ठीक पण हिरवी जोडूनही डबा गप्प, तर दोष मुख्य ट्रान्झिस्टरांच्या किंवा नियंत्रणाच्या भागात. सुटा डबा चालतो पण संगणकाला जोडला की बंद पडतो, तर शॉर्ट बहुधा संगणकात आहे. एकेक भाग जोडत गेले की तो सापडतो. सगळे व्होल्ट बरोबर आहेत तरी संगणक सुरू होत नाही, तर आधी समोरचे बटण आणि त्याच्या तारा पाहाव्यात.

विझलेला डबा जास्त धोक्याचा

येथपर्यंतचे काम कोणताही विज्ञानशिक्षक काळजीपूर्वक करू शकतो. झाकणाचे स्क्रू काढायचे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे.

'वीज काढली, आता भीती कशाची?' असे वाटणे साहजिक आहे. पण मोठे कपॅसिटर भरलेलेच राहतात. जुन्या पद्धतीच्या डब्यात ४७० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतील, तर एकत्रित धारिता २३५ मायक्रोफॅरड होते. ३२५ व्होल्टला त्यांत सुमारे १२ ज्यूल ऊर्जा असते. एक किलोचे वजन सव्वा मीटर उंचीवरून पडताना जेवढी ऊर्जा देते तेवढी ही ऊर्जा शरीरातून क्षणार्धात जाऊ शकते.

चालू स्थितीतल्या डब्यात केबल काढल्यावर जागे असलेले छोटे मंडल ही साठवण थोड्या वेळात वापरून टाकते. बिघडलेल्या डब्यात मात्र ते मंडलच बंद असू शकते. मग साठवण वापरणारे कोणी उरत नाही. निचऱ्यासाठी लावलेला रोधही तुटलेला असेल, तर भार तासन् तास राहू शकतो. म्हणजे मेल्यासारखा दिसणारा डबा हा चालू डब्यापेक्षा अधिक संशयाने हाताळायला हवा.

म्हणून आमचा आग्रह असा आहे. विद्यार्थ्यांनी डबा कधीही उघडू नये. शिक्षकाने तो उघडायचा तर इलेक्ट्रॉनिक्सचे काम शिकलेल्या माणसाच्या सोबतीनेच. जवळच्या आयटीआयमधले निदेशक किंवा गावातला दुरुस्तीवाला यात मदत करू शकेल. एकट्याने काम करू नये. केबल पूर्ण काढावी, उघडल्यावर मोठ्या कपॅसिटरवरचे व्होल्ट आधी मोजावेत. भार असेल तर तो काही हजार ओहमच्या, १० वॉटच्या रोधातून उतरवावा आणि पुन्हा मोजावे. स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ठिणगीने डोळ्याला इजा होते आणि कपॅसिटरही खराब होतो.

आतली दुरुस्ती

भार उतरल्यावर आधी नुसते पाहावे. काचेची वितळतार बोलकी असते. आतली तार एका जागी तुटून काच स्वच्छ राहिली असेल, तर ती वयाने किंवा थोड्या जादा प्रवाहाने गेली असण्याची शक्यता आहे. काच काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर प्रचंड प्रवाह वाहून गेला आहे. अशा वेळी नुसती वितळतार बदलली तर नवीही त्याच क्षणी जाते. आधी चार डायोड आणि मुख्य ट्रान्झिस्टर मीटरने तपासावेत. चांगला डायोड एका दिशेने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवतो, दुसऱ्या दिशेने काहीच नाही. दोन्ही दिशांनी शून्य म्हणजे तो शॉर्ट झाला. वितळतारेच्या जागी तांब्याची तार बांधण्याचा उपाय कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा. शॉर्ट झालेल्या डब्यात पहिल्यांदा वितळायचे ते वितळतारेने, आणि ते काम तिच्याकडून काढून घेतले तर पट्टी, केबल किंवा टेबल यांपैकी कोणावर तरी ते येते.

यानंतरचा संशयित म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्याच्या सपाट माथ्यावर मुद्दाम चिरा पाडलेल्या असतात. आत वायू साठला की माथा फुगतो आणि चिरांतून तपकिरी द्रव बाहेर येतो. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष द्रव भरलेले कपॅसिटर जगभर विकले गेले आणि त्या काळातली असंख्य यंत्रे त्यामुळे लवकर बंद पडली. बदलताना धारिता तीच ठेवावी, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, तापमान १०५ अंशांचे आणि अंतर्गत रोध कमी असलेला प्रकार घ्यावा. ऋण टोकाची पट्टी चुकता कामा नये. उलटा लावलेला कपॅसिटर फुटतो.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा वीज देताना कसबी लोक 'सिरीज दिवा' वापरतात. डब्याला जाणाऱ्या तारेत ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा दिवा एकसर जोडतात. आत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण उजळतो आणि १०० वॉटच्या दिव्यातून ०.४३ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह टिकून राहत नाही. सगळे ठीक असेल तर दिवा क्षणभर चमकून मंद होतो. एकसर जोडणीचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. नव्या प्रकारचे काही डबे मात्र दिव्यामागे नीट सुरू होत नाहीत. त्यावरून ते बिघडलेले आहेत असे ठरवू नये.

रोहित्र जळले असेल, पट्टी कोळशासारखी झाली असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा आणि पूर्ण डबा बदलावा.

धूळ आणि सुटी

कपॅसिटरच्या आयुष्याचा एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ८५ अंशांना सुमारे ८००० तास आणि ६५ अंशांना सुमारे ३२००० तास टिकेल. आता शाळेचा हिशेब करा. दिवसाला ६ तास, वर्षाला २२० दिवस, म्हणजे १३२० तास. ६५ अंशांना हा कपॅसिटर २४ वर्षे पुरतो. पंखा धुळीने भरून आतले तापमान २० अंशांनी वाढले की उरतात फक्त ६ वर्षे. डब्याच्या जाळीवरची धूळ दर महिन्याला ब्रशने काढणे, ही या लेखातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

यात एक मेख आहे. भिंतीवरचे बटण चालूच राहत असेल, तर जांभळ्या तारेचे मंडल वर्षाचे ८७६० तास जागे असते. म्हणून त्यातला एखादा छोटा कपॅसिटर आधी थकतो. जोपर्यंत वीज आहे तोपर्यंत मंडल कसेबसे चालत राहते. दिवाळीच्या सुटीत मुख्य स्विच बंद होतो आणि शाळा उघडल्यावर तो संगणक सुरूच होत नाही. 'सुटीत कोणी हात लावला?' असा संशय मुलांवर किंवा शिपाईमामांवर घेण्याआधी हे कारण आठवावे. आणि रोज संध्याकाळी भिंतीवरचे बटणही बंद करावे.

पत्र्याला झिणझिण्या का येतात?

संगणकाच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार अनेक शाळांत ऐकू येते. बऱ्याचदा हा डब्याचा बिघाड नसतो. विजेतला गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून दोन्ही तारांपासून पत्र्यापर्यंत दोन छोटे कपॅसिटर मुद्दाम जोडलेले असतात. भूसंपर्कन (अर्थिंग) असेल तर त्यांतला किरकोळ प्रवाह जमिनीत जातो. ते नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. ४.७ नॅनोफॅरडचे कपॅसिटर धरले तर हात लावणाऱ्यातून सुमारे ०.३४ मिलिअँपिअर जातो. एका यंत्राचा हा प्रवाह घातक नाही. पण अर्थ नसलेल्या एकाच बोर्डावर दहा संगणक असतील तर त्यांचे पत्रे अर्थच्या तारेने एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रवाहांची बेरीज ३.४ मिलिअँपिअर होते. त्यातच एखाद्या डब्यात खरा शॉर्ट झाला तर पूर्ण २३० व्होल्ट दहाही पत्र्यांवर येतात. म्हणून झिणझिण्या आल्या तर डबा बदलण्याआधी वायरमनकडून खोलीचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि तिसरी पिन कापणे किंवा दोन पिनांचा जोड वापरणे बंद करावे.

वर्गासाठी

डबा उघडण्याचे काम मुलांचे नाही, पण विचार करण्याचे नक्की आहे. बंद संगणक समोर ठेवून मुलांना विचारावे: कोणकोणत्या कारणांनी हा गप्प असू शकेल? सगळी कारणे फळ्यावर लिहावीत. मग प्रत्येक तपासणीआधी तिच्यामुळे यादीतली कोणती नावे खोडली जातील हे त्यांनीच सांगावे. सर्वांत जास्त नावे खोडणारी आणि सर्वांत कमी धोक्याची तपासणी आधी, असा क्रम मुले स्वतःच लावू लागतात. जांभळ्या तारेचे एक माप बहुतेक अर्धी यादी खोडते, हे त्यांना हिशेबाने पटते. व्होल्टचे मापन शिक्षकाने करावे, नोंदी मुलांनी ठेवाव्यात: तारीख, लक्षण, माप, निष्कर्ष. वर्षभराच्या अशा वहीतून आपल्या शाळेतली यंत्रे कशाने बंद पडतात हे कळेल, आणि निर्लेखनाची यादी करताना मुख्याध्यापकांना त्या वहीचाच आधार घेता येईल.